घड्याळ कुणाचं?

(शीर्षक वाचून राजकारणाच्या अपेक्षेने आलेल्यांची आधीच क्षमा मागतो. ते घड्याळ नव्हे. हे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरचं घड्याळ आहे.)

"अहो, जीपीएस फुकट मिळतंय ना? मग स्वतःचं कशाला करत बसायचं?"

हा प्रश्न मी लग्नाच्या पंगतीत ऐकलाय, लोकलच्या दारात ऐकलाय आणि आमच्या हाटकेशातल्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही ऐकलाय. (पाण्याच्या टाकीवरून सुरू झालेली मीटिंग इस्रोपर्यंत कशी पोचली ते विचारू नका.) विचारणारे अडाणी नसतात. चांगले शिकलेले, हिशेबाला पक्के लोक असतात. त्यांच्या मते आपली 'नाविक' म्हणजे शेजाऱ्याने मांडव घातला म्हणून ईर्ष्येने घातलेला दुसरा मांडव.

याच्या बरोबर समोर दुसरा पक्ष. हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बहुमतात आहे. त्यांचा निरोप दर पंधरा ऑगस्टला येतो: कारगिलच्या वेळी अमेरिकेने जीपीएस नाकारलं, म्हणून आपण नाविक बनवलं, आता आपण स्वतंत्र, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा.

मला आज या दोघांशीही भांडायचं आहे. (नातेवाईक वाचतात हे माहीत असूनही.) पहिल्याशी, कारण त्याचा हिशेब कच्चा आहे. दुसऱ्याशी जरा जास्त, कारण त्याचं उत्तर अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळे आपण गेली काही वर्षं निवांत झोपलो.

भांडणाआधी थोडी जुळवाजुळव करू. 'जीपीएस' हा आपल्याकडे 'डालडा'सारखा शब्द झालाय. डबा कुठल्याही कंपनीचा असो, वनस्पती तूप म्हणजे डालडा; तसं उपग्रह कुणाचेही असोत, फोनवर निळा ठिपका दिसला की ते जीपीएस. प्रत्यक्षात जीपीएस ही अमेरिकन सरकारची यंत्रणा आहे आणि ती त्यांचं लष्कर चालवतं. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू या जगभर चालणाऱ्या बाकीच्या तीन. जपानची क्यूझेडएसएस आणि आपली नाविक या आपापल्या प्रदेशापुरत्या. दक्षिण कोरियाने २०२२ पासून स्वतःची हाती घेतलीय, ती २०३५ पर्यंत पुरी करायचा बेत आहे.

दुसरं म्हणजे, नकाशा वेगळा आणि उपग्रह वेगळा. हाटकेशात पार्सलवाला पोरगा मागच्या गल्लीत उभा राहून "सर, लोकेशन तर इथलंच दाखवतंय" असं म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा उपग्रह बिचारे निर्दोष असतात. नकाशावर कुणीतरी सोसायटीचा ठिपका चुकीच्या जागी ठेवलेला असतो. उपग्रह फक्त एवढंच सांगतो की तुम्ही पृथ्वीवर या बिंदूवर आहात. तिथे वाण्याचं दुकान आहे की उद्योगनगरातला गाळा, हे त्याला ठाऊक नसतं. तेव्हा "नाविकचं ॲप कुठाय?" हा प्रश्नही बाद.

आणि तो बिंदू तरी उपग्रह कसा सांगतो? तर घड्याळाने. या सगळ्या प्रकरणाची गोम इथे आहे. प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत सांगत असतो: मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. हा निरोप प्रकाशाच्या वेगाने तुमच्या फोनपर्यंत येतो. पोचायला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो. असे किमान चार उपग्रह लागतात: तीन दिशांसाठी तीन, आणि तुमच्या फोनमधलं स्वस्त घड्याळ किती चुकतंय ते काढायला चौथा. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली की अंतरात तीनशे मीटरचा घोळ. म्हणजे हाटकेशच्या नाक्यावरचा माणूस थेट दोन-तीन सोसायट्या पलीकडे. आकाशातलं घड्याळ बिघडलं तर उपग्रह फिरत राहतो, वीज बनवत राहतो, बडबडतही राहतो, पण जागा सांगण्याच्या कामातून तो बाद.

म्हणून 'दिशादर्शन यंत्रणा कुणाची' याचा खरा अर्थ 'घड्याळ कुणाचं' असा आहे. आणि या प्रश्नावर मुंबईकरांनी कुणाकडून धडे घ्यायची गरज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी यावर पन्नास वर्षांहून जास्त भांडण केलंय! १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसनने मुंबईवर मद्रासची वेळ लादायचा प्रयत्न केला, तेव्हा विद्यापीठाने राजाबाई टॉवरच्या घड्याळात ती वेळ लावायला नकार दिला. सरकारने मग त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचे पैसे द्यायला नकार दिला! शेवटी १८८३ मध्ये सरकारनेच माघार घेतली. पुढे १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' या शहरात १९५५ च्या सुमारापर्यंत तग धरून होती. आता ते भांडण हास्यास्पद वाटतं, आणि प्रमाणवेळ आली हे बरंच झालं. पण त्या लोकांना एक गोष्ट समजली होती, जी आपण विसरलोय: घड्याळ कुणीतरी लावतं, आणि जो लावतो त्याच्या हातात तुमच्या दिवसाची किल्ली असते.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. फुकट मिळतंय.

मीरा-भाईंदरकरांना हे समजवायला मला फार कष्ट पडू नयेत. आठ लाखांवर लोकवस्तीचं (हा २०११ च्या जनगणनेचा आकडा, आता किती ते तुम्हीच मोजा) हे शहर, आणि याला स्वतःचं एक धरण नाही. पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यातून, बाहेरून येतं. नळ माझ्या स्वयंपाकघरात आहे, चावी पार लांब. पाणी वाईट नसतं, देणारा दुष्ट नसतो, रोज येतं तेव्हा कुणी त्याचा विचारही करत नाही. पण 'अमुक वारी चोवीस तास शटडाऊन' अशी सूचना आली की सोसायटीतल्या सगळ्या बादल्या, कळशा, आंघोळीचे टब बाहेर येतात. तेव्हा कळतं की पाणी आपलं नाही, फक्त नळ आपला आहे.

जीपीएसचं तेच आहे. तो नळ जगाला कसा मिळाला ते पाहा. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअरलाइन्सचं ००७ क्रमांकाचं विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की जीपीएस तयार झाल्यावर ते नागरी वापरालाही खुलं राहील. चांगलंच केलं. पण देताना एक मेख मारून ठेवली होती: सामान्य लोकांना मिळणारा सिग्नल मुद्दाम बिघडवून दिला जाई, त्यामुळे चूक शंभर मीटरपर्यंत जायची. खरा, बारीक सिग्नल फक्त त्यांच्या लष्कराला आणि ते ठरवतील त्यांना. मे २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ही मुद्दाम केलेली बिघाडी बंद केली, आणि आज आपण जो जीपीएस ओळखतो तो त्या दिवशी जन्माला आला. पण बंद करतानाच्या त्याच निवेदनात त्यांनी हेही सांगितलं होतं की राष्ट्रीय सुरक्षेला धोका असेल तेव्हा ठरावीक प्रदेशापुरता सिग्नल रोखण्याची क्षमता आम्ही सिद्ध केलेली आहे. म्हणजे नळाची चावी फेकून दिली नव्हती, खिशात घातली होती, आणि खिशात घातल्याचं सांगितलंही होतं. याला मी अमेरिकेचा दुष्टपणा म्हणत नाही. चावी ज्याची, तो ती जपणारच. प्रश्न एवढाच, की हे ऐकूनही बादली भरून न ठेवणाऱ्याला काय म्हणायचं?

शत्रूलाच याची भीती असते असंही नाही. युरोपचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. हे तर अमेरिकेचे नाटोमधले मित्र, गळ्यात गळे घालणारे. तरी त्यांनी गॅलिलिओचा घाट घातला. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेचे उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी युरोपच्या संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून या बेताबद्दल नाराजी कळवली. पत्राचा परिणाम काय झाला? युरोपने गॅलिलिओ बनवलंच, आणि डिसेंबर २०१६ पासून त्याची सेवा सुरू झाली. मित्राचं असलं तरी घड्याळ दुसऱ्याचं, इतका साधा विचार. त्यातही गंमत म्हणजे गॅलिलिओ पूर्णपणे नागरी नियंत्रणाखाली आहे. आपल्या विमानतळांची आणि बंदरांची वेळ कुठल्याही सैन्याच्या हातात नको, हेही त्यांनी ठरवलं.

आणखी एक कारण आहे, ज्याचा युद्धाशी काहीही संबंध नाही. प्रत्येक प्रदेशाचं आकाश वेगळं असतं! रशिया उत्तरेला, म्हणून ग्लोनासच्या कक्षा जास्त कललेल्या, उत्तरेकडे चांगलं दिसावं म्हणून. जपानमध्ये डोंगर आणि उंच इमारती, गल्लीत उभं राहिलं की आकाशाची चिंधीच दिसते. म्हणून त्यांचे उपग्रह दिवसाचा बराच वेळ जवळपास डोक्यावर राहतील अशा कक्षेत फिरतात. ते जीपीएसशी भांडत नाहीत, त्याला हात देतात. आपलं म्हणाल तर आपण पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या शेजारी राहतो. थुंबा गाव रॉकेटसाठी निवडलं ते याच कारणाने. या पट्ट्यात वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर फार लहरी असतो आणि त्यातून येताना सिग्नल रखडतो. विमानांसाठी जीपीएसच्या चुका सुधारणारी 'गगन' यंत्रणा बसवताना आपल्या लोकांना या थराचं गणित स्वतः मांडावं लागलं. दुसऱ्याने त्याच्या आकाशासाठी शिवलेला सदरा आपल्याला होतो, पण खांद्यात जरा आखूड.

राहिला पैशाचा मुद्दा. २००६ साली सरकारने मंजूर केलेला खर्च होता १४२० कोटी. आजच्या लोकसंख्येने भागलं तर डोई साधारण दहा रुपये. वडापावही येत नाही हो! आणि इतक्या थोडक्यात कसं भागलं? तर आपल्याला सारं जग नको होतं. जगभर दिसायचं तर वीस हजार किलोमीटर उंचीवर किमान चोवीस उपग्रह फिरते ठेवावे लागतात. आपण म्हटलं, भारत आणि भोवतालचे पंधराशे किलोमीटर पुरे. मग छत्तीस हजार किलोमीटरवर सात उपग्रह: तीन जागच्या जागी स्थिर दिसणारे, आणि चार आपल्याच आकाशात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वरखाली फिरणारे. सातही जण चोवीस तास आपल्यावर नजर ठेवून. कोकणी माणसाने बंगला न बांधता दोन खोल्या आणि पडवी बांधावी तसा नेमका, काटकसरी विचार. मला तो फार आवडतो.

इथपर्यंत दुसरा पक्ष माझ्यावर खूश असेल. आता त्यांची पाळी.

कारगिलची गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की ती आरतीसारखी झालीय. अर्थाकडे लक्ष न देता टाळ्या वाजतात. मला ती गोष्ट लागतच नाही. १९९९ मध्ये जीपीएसचा नागरी सिग्नल साऱ्या जगालाच बिघडवून दिला जात होता, हे एकच वाक्य पुरेसं आहे. कारगिलच्या गोष्टीत दोष असा, की तिचा शेवट फार गोड आहे. 'त्यांनी नाकारलं, आम्ही बनवलं, संपलं.' पण घड्याळ बनवून संपत नाही. घड्याळाला किल्ली द्यावी लागते.

पुढचं सगळं तारखांनिशी सांगतो, म्हणजे माझं मत कुठलं आणि घडलेलं काय ते वेगळं दिसेल. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, सातवा २८ एप्रिल २०१६ ला. त्याच दिवशी पंतप्रधानांनी 'नाविक' हे नाव दिलं. (सुंदर नाव आहे, त्याबद्दल तक्रार नाही.) त्याच वर्षी पहिल्या उपग्रहावरची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. ही घड्याळं स्वित्झर्लंडची होती. म्हणजे अमेरिकन घड्याळ नको म्हणून आपण यंत्रणा उभारली आणि तिच्या पोटात घड्याळ बसवलं स्विस! तिथलीच घड्याळं गॅलिलिओवरही होती आणि तीही बंद पडली. फरक इतकाच, की युरोपने प्रत्येक उपग्रहावर चार घड्याळं ठेवली होती, दोन वेगवेगळ्या प्रकारची, आणि मागून उपग्रहांची रांग येत होती. आपल्याकडे सात म्हणजे सात. कबड्डीचा संघ सातांचा असतो, पण बाकावर राखीव गडी बसलेले असतात. आपला बाक रिकामा.

बदली उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ ला सोडला. रॉकेटच्या टोकावरचं कवच उघडलंच नाही, उपग्रह आतच अडकला. त्याची बदली १२ एप्रिल २०१८ ला गेली, ठीक पोचली. आणि नंतर? नंतर २९ मे २०२३. मधे पाच वर्षांहून जास्त काळ एकही नाही. (मधे कोविड होता, मान्य. पण घड्याळांना कोविड ठाऊक नव्हता, ती आपल्या वेळेने थकत होती.) २०२३ च्या त्या उपग्रहावर अखेर अहमदाबादला बनलेलं आपलं स्वतःचं रुबिडियम घड्याळ बसलं. माझ्या मते नाविकच्या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस तो. तुमच्यापैकी किती जणांना आठवतो? त्यानंतर तीनच महिन्यांनी चांद्रयान उतरलं, तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले होते. वाटायलाच हवेत. पण चंद्रावर उतरणं हा सण आहे आणि घड्याळ चालू ठेवणं ही रोजची भांडी. सणाला सगळे येतात, भांड्यांना कुणी नाही.

पुढचा उपग्रह २९ जानेवारी २०२५ ला गेला. श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण! रॉकेटने काम चोख केलं, पण उपग्रहावरची एक झडप उघडली नाही आणि तो खालच्याच कक्षेत राहिला. जुलै २०२५ मध्ये सरकारने राज्यसभेत हिशेब मांडला तो असा: एकूण अकरा उपग्रह सोडले. त्यातले दोन नियोजित कक्षेत पोचले नाहीत. एक आयुष्य संपल्याने निवृत्त. चार फक्त एकतर्फी संदेश पाठवण्यापुरते. आणि जागा व वेळ सांगण्याचं मूळ काम करणारे चार.

वर मी लिहिलंय, किमान किती लागतात? चार. म्हणजे त्या जुलैत आपण अगदी काठावर उभे होतो. एक गेला की स्वतःच्या बळावर जागा सांगणं बंद. ही गोष्ट ग्रुपवर कुणीच पुढे पाठवली नाही.

आणखी एक सल. पहिले सगळे उपग्रह ज्या दोन कंपनलहरींवर बोलत होते, त्या साध्या फोनना ऐकूच येत नव्हत्या. सर्वसाधारण फोन जी लहर ऐकतो ती आपण २०२३ च्या उपग्रहापासून जोडली. मधल्या काळात चिप बनवणाऱ्यांनी २०२० पासून काही फोनमध्ये नाविक ऐकण्याची सोय केली, २०२३ मध्ये ती महागड्या आयफोनमध्येही आली. पण स्वस्त फोनवाल्या माणसासाठी नाविक म्हणजे फक्त कौतुकाचं नाव राहिलं. बोलणारा उत्तम बोलतोय, पण अशा भाषेत, की घरच्यांनाच कळत नाही.

"मग सोडूनच द्या ना," असं पहिला पक्ष आता हळूच म्हणेल. नाही. सोडायचं का नाही, ते बघायला उत्तनला जा.

आमच्या हाटकेशातून भाईंदर पश्चिमेला आणि तिथून पुढे गेलं की उत्तन, चौक, पाली. याच महापालिकेची हद्द, पण टॉवर संपतात आणि बोंबील वाळत घातलेल्या काठ्या सुरू होतात. किनारा दिसेनासा झाला की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते. मग नाखव्याकडे उरतं ते यंत्र आणि आकाश. पाण्यावर कुंपण नाही. पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, आणि न दिसणारी रेषा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकल्याच्या बातम्या आपण वाचतो. भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, त्यात मच्छीमारांची वेगळी यादी असते. आपल्याला तीनशे मीटरच्या चुकीने पार्सल उशिरा मिळतं. तिथे चुकीची किंमत घरातल्या कर्त्या माणसाची काही वर्षं असू शकते.

आणि वादळ. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी आलं तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या अनेक बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. इशारा निघाला, पण तो त्यांच्यापर्यंत जायला वाट नव्हती. कित्येक जण परत आले नाहीत. काही बोटी भरकटत, वाऱ्याबरोबर पार आपल्या देवगडपर्यंत येऊन टेकल्या. यानंतर नाविकच्या उपग्रहांवरून समुद्रातल्या बोटींना संदेश पाठवण्याच्या सोयीला जोर आला. संकटात अडकलेल्या बोटीने पाठवलेली हाक पोचली, हे तिला उलट कळवण्याची सोयही इस्रोच्या नव्या यंत्रात याच वाटेने केलेली आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरलाच बोटींवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. तीही इस्रोच्याच तंत्रावर.

आता पुन्हा एकदा राज्यसभेतलं ते उत्तर आठवा: चार उपग्रह फक्त संदेशापुरते. जागा सांगणं त्यांना जमत नाही, पण वादळ येतंय हे सांगायला नॅनोसेकंदाची अचूकता लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय दिसत नाही, पण तो ओटीवरून "अरे, आभाळ भरून आलंय, होडी काढू नका" एवढं ओरडू शकतो. तसे हे चार उपग्रह. मला विचाराल तर नाविकच्या बाजूचा सगळ्यात पक्का पुरावा हाच. जीपीएस कितीही फुकट असो, ते उत्तनच्या बोटीला मराठीत वा कुठल्याही भाषेत 'परत फिरा' म्हणणार नाही. ते त्याचं कामच नाही. दुसऱ्याचं घड्याळ वेळ सांगतं. हाक मारायला घरचं माणूस लागतं.

इथे एक प्रामाणिक भर घालतो, नाहीतर तज्ज्ञ मित्र कान पकडतील. स्वतःची यंत्रणा असली म्हणजे सगळी दुखणी गेली असं नाही. खोटे सिग्नल सोडून विमानांना फसवण्याचे प्रकार वाढलेत. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अमृतसर-जम्मू भागात अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्याचं नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत सांगितलं. छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारा कुठलाही सिग्नल क्षीणच असतो, नाविकचाही. पण एका घड्याळावर विसंबणाऱ्याला फसवणं सोपं आणि दोन-तीन घड्याळं ताडून बघणाऱ्याला अवघड. शिवाय नाविकची लष्करासाठी राखीव, सांकेतिक सेवा वेगळी आहे. पहिला पक्ष "एक आहे ना, दुसरं कशाला" असं विचारतो, त्याचं हेही एक उत्तर: दुसरं असतं तेव्हाच पहिलं खोटं बोलतंय हे कळतं.

आणि गोष्ट फक्त बोटी-विमानांची नाही. मोबाइलचे टॉवर, विजेचं जाळं, शेअर बाजार यांना उपग्रहाकडून रस्ता नको असतो, त्यांना वेळ हवी असते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत राखली जाणारी भारतीय प्रमाणवेळ देशातल्या सगळ्या व्यवहारांना सक्तीची करण्याच्या नियमांचा मसुदा सरकारने जानेवारी २०२५ मध्ये काढला. वर ते राजाबाई टॉवरचं भांडण सांगितलं ना? फिरून आपण तिथेच आलोत. फक्त या वेळी मुंबई आणि मद्रास एका बाजूला आहेत.

तर मग मागणी काय? तीन गोष्टी, आणि तिन्ही कंटाळवाण्या आहेत.

एक: बाकावर राखीव गडी हवेत. सात लागतात तर नऊ-दहा वर असावेत. एक घड्याळ थांबलं तर लोकांना कळायच्या आधी दुसरं त्या जागी उभं राहिलेलं असावं.

दोन: उड्डाणांचं वेळापत्रक हवं आणि ते पाळलं जावं. दहा-बारा वर्षांचं आयुष्य असलेली वस्तू कधी थकणार हे सोडायच्या दिवशीच ठाऊक असतं. रेल्वेचा डबा, एसटीची बस, सोसायटीची लिफ्ट, सगळ्याची बदली आधी ठरवावी लागते. घड्याळाचीही.

तीन: किती उपग्रह चालू आणि किती बंद, हे सरकारने दर वर्षी स्वतः उभं राहून संसदेत सांगावं, कुणी प्रश्न विचारायची वाट न बघता. आणि तेच उत्तनच्या नाखव्याला कळेल अशा मराठीत किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांमधून लावावं. जो त्याच्या भरवशावर समुद्रात जातो, त्याला तो भरवसा किती आहे हे कळायचा पहिला हक्क आहे.

अभिमानाला माझा विरोध नाही. फक्त तो जरा पुढे सरकवा. यंत्रणा बनवल्याचा अभिमान जुना झाला. ती बारा महिने, तेरा त्रिकाळ चालते याचा अभिमान अजून कमवायचा आहे. पुढच्या पंधरा ऑगस्टला तो कारगिलचा निरोप पाठवण्याआधी एक साधा प्रश्न ग्रुपवर टाकून बघा: आज किती घड्याळं चालू आहेत? उत्तर कुणालाच आलं नाही, तर समजा की किल्ली द्यायची आठवणही कुणाला नाही.

असो. पटलं तर बघा. नाही पटलं तर भांडायला घरी या, चहा मिळेल.